‘सर्व्हर इल्ल’ म्हणजे नेमकं काय नसतं?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत खानापूर तालुक्यातल्या एका गृहस्थांचं पत्र वाचलं. एका दाखल्यासाठी त्यांनी तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा खिडकीतून एकच उत्तर मिळालं, ‘सर्व्हर इल्ल, नाळे बर्री’, म्हणजे ‘सर्व्हर नाही, उद्या या’. त्यांनी राग काढला तो खिडकीतल्या माणसावर आणि थोडा कन्नड भाषेवर. भाषेबद्दल मी लिहीत नाही, त्यावर आपल्या अंकात रोजच लिहून येतं. मला त्या ‘सर्व्हर इल्ल’बद्दल लिहायचं आहे. गेली २२ वर्षं अशा खिडक्यांमागे चालणारे प्रोग्रॅम लिहिणं हाच माझा धंदा आहे. बेळगावातल्या सोसायट्या म्हणजे पतसंस्था, गावाकडच्या दूध डेअऱ्या, दोन-तीन भांड्यांची दुकानं, एक मंगल कार्यालय.

सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी सांभाळणारा मागचा कॉम्प्युटर, कधीकधी खरंच बंद असतो. लाइट जाते, रस्ता खोदताना जेसीबी केबल तोडतो. पण पुष्कळ वेळा मशीन धडधाकट चालू असतं. दोघा-तिघांना एकाच वहीत एकाच क्षणी लिहायचं असतं, एकाचं लिहिणं चालू असतं आणि बाकीच्यांना थांबायला कुणी शिकवलेलंच नसतं. पडद्यावर इंग्रजीत ‘डेटाबेस इज लॉक्ड’, म्हणजे ‘नोंदवहीला कुलूप आहे’, असं उमटतं. खिडकीतला माणूस ते वाचतो, त्याला त्यातलं ‘लॉक’ तेवढं कळतं आणि तो आपल्या तोंडात बसलेला शब्द सांगतो, सर्व्हर डाऊन. तो खोटं बोलत नसतो. ते खोटं माझ्यासारख्याने त्याच्या तोंडी घातलेलं असतं. मी स्वतः हे केलेलं आहे, म्हणून लिहितो.

नोटाबंदीच्या आधीची गोष्ट. एका सोसायटीला मी पिग्मीचा प्रोग्रॅम करून दिला होता. सोसायटीचं नाव लिहीत नाही, चूक माझी होती. पिग्मी म्हणजे काय हे बेळगावकरांना सांगायला नको. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १९२८ साली सिंडिकेट बँकेने दारोदार जाऊन दिवसाला दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तीच पद्धत आपल्या गल्ल्यांत इतकी मुरली की भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळ्यांचा पिग्मीवाला ठरलेला. बँक पुढे २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द राहिला.

या सोसायटीत ११ एजंट होते. दिवसभर हातातल्या मशीनवर पावत्या फाडायच्या आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या आत येऊन मशीन वायरने कॉम्प्युटरला जोडायचं, की दिवसाच्या सगळ्या नोंदी खात्यांत जमा. कॉम्प्युटर तीन. चेअरमनसाहेबांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, ‘वेगळा सर्व्हर घ्यायला लागतोय काय?’ मी म्हटलं, नाही. एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस वापरू. फुकट आहे, सगळा हिशेब एका फाइलीत राहतो, ती एका कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की तिन्ही कॉम्प्युटर तिथेच लिहितील. एसक्यूलाइट ही भिकार वस्तू नाही हो. रिचर्ड हिप यांनी २००० साली केलेली, आज तुमच्या-माझ्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. मी ती जिथे ठेवायची नाही तिथे ठेवली आणि तिचा स्वभाव न वाचताच वापरली.

तिचा स्वभाव असा. वाचणारे कितीही असोत, पण लिहिणारा एका वेळी एकच. कुलूप एखाद्या खात्याला लागत नाही, सबंध फाइलीला लागतं. माझे वडील वडगावला मागावर बसायचे. एका वेळी एकच धोटा जातो. दुसरा सोडलात तर धागे तुटतील. तसंच हे. आणि दुसऱ्याचं लिहिणं चालू असताना तुम्ही लिहायला गेलात, तर एसक्यूलाइट आपणहून थांबत नाही. तिची मूळ सवय शून्य सेकंद थांबण्याची. लगेच ५ नंबरची चूक परत येते, ‘बिझी’. या ५ नंबरचा मजकूर मात्र ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा आहे, आणि ‘लॉक्ड’ नावाची खरी चूक वेगळीच आहे, ६ नंबरची. ती बहुतेक वेळा आपल्याच प्रोग्रॅमच्या दोन भागांनी एकमेकांचे पाय ओढल्यावर येते. नावांच्या या घोळात मी दोन रात्री घालवल्या. नव्या पोरांनी मजकूर न वाचता नंबर बघावा.

तर साडेपाचला तीन एजंट तीन कॉम्प्युटरवर आले की तिन्हीकडून लिहिणं सुरू. प्रत्येक पावती वेगळी लिहिली जायची, आणि मधूनच एखादी दुसऱ्याच्या कुलपावर आपटायची. आपटली की चूक परत यायची. आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात वर एक ओळ होती, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. जुन्या व्हिज्युअल बेसिकवाल्यांना ही ओळ ठाऊक आहे. चूक आली तर आलीच नाही असं समज आणि पुढच्या ओळीवर जा. मी ती का घातली? डेमोच्या दिवशी चेअरमनसाहेबांसमोर काही तडकू नये म्हणून. नंतर काढायची राहिली.

परिणाम काय झाला? १४० पावत्यांतल्या पाच-सहा गायब. मशीनचा कागद म्हणतोय अमुक, एजंटाने रोकडही तेवढीच दिलेली, खात्यांत मात्र कमी. म्हणजे रोकड जास्त भरायची. आणि इथे एक गंमत सांगतो. रोकड कमी पडली की संध्याकाळी सात वाजेपर्यंत कुणी घरी जात नाही, पण जास्त झाली की सगळे गप्प. ‘सस्पेन्सला टाका’, म्हणजे न जुळलेल्या पैशांच्या खात्याला, झालं. दोन महिने ते सस्पेन्स खातं वाढत गेलं आणि कुणी मला फोन केला नाही.

चूक उघडकीला आणली ती गणपत गल्लीच्या तोंडाला मिरच्या आणि कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या एका आजीनं. रोज ५० रुपयांची पिग्मी. पासबुक भरून आणलं, त्यात तीन दिवस नव्हते. पदराच्या गाठीतून तिन्ही पावत्या काढून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाली, ‘मी रोज दिलंय बाबा. ह्यो कागद तुमचाच हाय की न्हाई?’ त्या दिवशी मी सोसायटीत प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो. कागद आमचाच होता.

मग मी ती ओळ काढली. चूक आली की मोठ्ठा लाल चौकोन दाखवायचा आणि अपलोड थांबवायचं. मला वाटलं, प्रामाणिक झालो. पण अपलोड थांबलं की क्लार्क काय करणार? पुन्हा सुरुवातीपासून अपलोड. ८० पावत्या आधीच लिहून झालेल्या, त्या पुन्हा लिहिल्या गेल्या. आता उलटं झालं, खात्यांत जास्त आणि रोकड कमी. आणि रोकड कमी म्हटलं की बोट एजंटाकडे.

त्यातले एक वयस्कर एजंट, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. एका संध्याकाळी त्यांनी आणलेली रोकड ४,८६० आणि कॉम्प्युटर म्हणतोय ५,२१०. मामांनी खिशातून ३५० काढून दिले. भांडण नाही, तक्रार नाही. त्यांना वाटलं, आपलंच कुठेतरी मोजताना चुकलं असेल, वय झालं. असं त्यांनी चार वेळा केलं. मला हे कळलं ते त्यांच्या मुलाकडून, तेसुद्धा लग्नाच्या पंगतीत. जेवण तिथंच थांबलं माझं.

दुसऱ्या दिवशी आधी एकच काम केलं, ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. मशीनच्या प्रत्येक पावतीला नंबर असतो. एजंटाचा कोड, तारीख आणि पावती नंबर, हे तिन्ही मिळून फाइलीत दुसऱ्यांदा येऊच शकणार नाहीत अशी अट घातली. आता क्लार्कने दहा वेळा अपलोड केलं तरी पावती एकदाच जमा होते. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण ज्याने प्रोग्रॅममध्ये ठेवलंय, त्याने दुसऱ्या प्रयत्नात काय होतं हे तपासलेलंच असलं पाहिजे. नाहीतर तो लोकांच्या पैशाशी खेळतोय. मी खेळलो.

मग थांबणं शिकवलं. ‘बिझी टाइमआउट’ नावाची एक ओळ असते. तिथे १० सेकंद लिहिले, म्हणजे कुलूप दिसलं की लगेच बोंब न मारता दहा सेकंदांपर्यंत अधूनमधून हात लावून बघायचं. एक नोंद लिहायला काही मिलिसेकंद लागतात, दहा सेकंदांत अख्ख्या सोसायटीचं काम होऊन जातं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ही सोय ५ सेकंदांची आपोआप असते. आमच्याकडे नव्हती, घालायला लागली. त्याबरोबर एजंटाच्या सगळ्या पावत्या एकाच व्यवहारात बांधल्या, झाल्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही.

महिनाभर सगळं सुरळीत. मग कॅशियरसाहेब कंग्राळीला राहायला गेले. ह्याचा डेटाबेसशी काय संबंध, असं आपण म्हणाल. मीही आठवडाभर हेच म्हणत होतो. रोज सहाच्या सुमाराला तिन्ही मशीनवर ‘लॉक्ड’, दहा सेकंद थांबूनसुद्धा. शेवटी एक दिवस मी जाऊन मागे नुसता बसून राहिलो. कॅशियरसाहेब पूर्वी सगळे गेल्यावर सातला दिवसअखेर करायचे. आता बस गाठायची म्हणून सहालाच करायला लागले. दिवसअखेरचा पडदा मी असा लिहिला होता की तो उघडताच फाइलीला कुलूप लागायचं, मधल्या वेळात कुणी आकडे बदलू नये म्हणून. मग बेरजा दाखवायच्या आणि विचारायचं, ‘रोकड जुळली का? होय / नाही’. आणि साहेब काय करायचे? प्रश्न पडद्यावर ठेवून नोटा मोजायला बसायचे. शंभराच्या, पन्नासच्या, फाटक्या बाजूला. वीस मिनिटं. मध्ये एक चहा. ती वीस मिनिटं अख्खी सोसायटी कुलपात, आणि खिडकीवर ‘सर्व्हर इल्ल’.

माझ्या मते खिडकीवरचं निम्मं ‘सर्व्हर डाऊन’ इथून येतं. कुलूप हातात धरून प्रोग्रॅम माणसाच्या उत्तराची वाट बघतो. माणूस विचार करतो, ओटीपी शोधतो, चष्मा शोधतो, पासबुक प्रिंटरमध्ये कागद अडकलेला काढतो. जे विचारायचं ते आधी विचारून घ्या, मोजायचं ते मोजून घ्या. मग कुलूप लावा, लिहा, सोडा. मी तो पडदा बदलला. आकडे वाचून दाखवायचे, नोटा मोजून ‘होय’ दाबल्यावर मगच कुलूप, आणि मधल्या काळात आकडे बदलले असतील तर तसं सांगायचं. काम एका दुपारचं होतं.

एक शेवटचा त्रास उरला होता. आठवड्यातून दोन-तीनदा एखादं मशीन दहा सेकंद न थांबताच ‘बिझी’ म्हणायचं. हे समजायला टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर उभं राहावं. गेट पडलं की दोन्ही बाजूंनी स्कूटरवाले अख्खा रस्ता भरून टाकतात. गेट उघडतं, दोन्ही फौजा समोरासमोर, आणि कुणीच मागे सरत नाही. आता अर्धा तास थांबलात तरी काही होणार नाही. कुणाला तरी मागे जावंच लागतं. आमच्याकडे दोन मशीन आधी खात्याची शिल्लक वाचायची, म्हणजे दोघंही आत शिरलेली, आणि मग दोघांनाही लिहायचं असायचं. लिहिणारा वाचणाऱ्याच्या बाहेर जाण्याची वाट बघतोय, वाचणाऱ्याला लिहिण्याची परवानगी हवीय. एसक्यूलाइटला हा पेच ओळखू येतो आणि ती एकाला ताबडतोब परत पाठवते, कारण तिथे थांबून उपयोगच नसतो. परत आलेल्याने तीच ओळ पुन्हा पुन्हा चालवायची नसते. अख्खा व्यवहार सोडून देऊन, पुन्हा पहिल्यापासून शिल्लक वाचून सुरुवात करायची. त्याहून बरं म्हणजे लिहायचंय हे माहीत असेल तर दारातच सांगून आत शिरायचं. त्याला ‘बिगिन इमिजिएट’ म्हणतात. दोन शब्द, पण मी ते सहा महिन्यांनी घातले.

आमचे एक मित्र म्हणतात, एवढं कशाला, मोठा डेटाबेस घ्यायचा. घ्या की. मायएसक्यूएल या मोठ्या डेटाबेसमध्ये कुलूप सबंध फाइलीला लागत नाही, एकेका नोंदीला लागतं, हा मोठा फरक आहे. पण कॅशियर तिथेही चहा पितोच. तिथे मागचा माणूस सांगितल्याशिवाय ५० सेकंद थांबतो आणि मग १२०५ नंबरची चूक येते. आणि ही चूक आली की सबंध व्यवहार रद्द होतो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. मूळ सेटिंगमध्ये तेवढी शेवटची आज्ञा रद्द होते, आधीच्या तशाच लोंबकळत राहतात. प्रोग्रॅमरने बेफिकिरीने पुढे व्यवहार पक्का केला तर एका खात्यातून पैसे वजा झालेले आणि दुसऱ्यात जमा न झालेले. पोस्टग्रेस या दुसऱ्या मोठ्या डेटाबेसमध्ये गेटसारखा पेच पडला तर एका सेकंदाने तपासणी होऊन एकाला बाहेर काढतात. तिथेही त्याने पहिल्यापासून सुरुवात करायची असते, आणि तो कोड कुणीतरी लिहायलाच लागतो. दोन खात्यांत पैसे फिरवताना नेहमी लहान नंबरचं खातं आधी धरावं, म्हणजे असा पेच मुळात पडत नाही.

आम्ही एसक्यूलाइट सोडली नाही, पण फाइल शेअर केलेल्या फोल्डरमधून काढली. नेटवर्कवरून धरलेल्या कुलपांचा भरवसा नसतो, हे तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं. आता एकाच मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम ती फाइल सांभाळतो, बाकीचे त्याला विचारतात. २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये ‘वॉल’ नावाची पद्धत आहे, तिच्यात लिहिणं चालू असताना वाचणाऱ्यांना अडवलं जात नाही, तीही लावली. ही पद्धत नेटवर्कवर चालत नाही, सगळे एकाच मशीनवर असावे लागतात.

आणि ज्यांच्या दुकानात, डेअरीत असे प्रोग्रॅम आहेत त्या सगळ्यांसाठी एक गोष्ट. डेटाच्या फाइलीशेजारी कधीकधी त्याच नावाची, पुढे ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ लावलेली एक फाइल दिसते. कुणीतरी फोनवर सांगतं, ‘ती लॉकची फाइल आहे, उडवा, लॉक जातंय.’ उडवू नका. लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेलं लिहिणं निस्तरायचा मजकूर तिच्यात असतो. आमच्याकडे एका पोरानं ती उडवली. पुढचे दोन दिवस मी, क्लार्कबाई आणि मामा पावत्यांचे गठ्ठे आणि रोजकीर्द घेऊन एकेक नोंद परत घालत बसलो होतो. पेनड्राइव्हवर बॅकअप घेतानाही नुसती मोठी फाइल उचलली तर ‘वॉल’मधल्या ताज्या नोंदी मागेच राहतात. बॅकअप प्रोग्रॅमच्या बटणानेच घ्यावा.

खानापूरच्या त्या गृहस्थांना माझं सांगणं एवढंच, पुढच्या खेपेला ‘सर्व्हर इल्ल’ ऐकलं की एक प्रश्न विचारा, ‘माझी नोंद झाली की नाही झाली?’ ह्याचं उत्तर खिडकीतल्या माणसाला देता येत नसेल तर दोष त्याचा नाही, ज्याने पडदा लिहिला त्याचा आहे. आमच्या सोसायटीत आता तो लाल चौकोन नाही. त्याच्या जागी मराठीत येतं, ‘दुसऱ्या काउंटरवर नोंद सुरू आहे. तुमची नोंद अजून झालेली नाही. थांबा.’ खाली कन्नडमध्ये तेच येतं. कन्नड मजकूर क्लार्कबाईंनी तपासून दिला. माझं वाक्य पुस्तकी होतं, त्या म्हणाल्या, असं कुणी बोलत नाही, नुसतं ‘स्वल्प ताळ्री’ (जरा थांबा) लिहा. ज्या सोसायटीला, डेअरीला हा मजकूर हवा असेल त्यांनी खुशाल उचलावा.

मामांचे पैसे मी हिशेब करून परत करायला गेलो होतो. चार वेळचे मिळून १,१२० रुपये. त्यांनी घेतले नाहीत. माझ्या देखत ती रक्कम मिरचीवाल्या आजींच्या पिग्मीला भरायला लावली आणि मशीनवरची पावती फाडून माझ्याच हातात दिली, ‘नंबर बघून घे’ म्हणाले.

आपला,
एक प्रोग्रॅमर, शहापूर, बेळगाव
(सोसायटीतली माणसं ओळखीची आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)